एक पक्षी आपणहून परतला, एक फूल हाताने परत आणावं लागलं

नीरगुडी

ब्रिटनमधून नाहीसे झालेले दोन जीव मला शेजारी शेजारी ठेवून बघायचे आहेत. पहिला ॲव्होसेट, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर आणि ठाणे खाडीत दिसणारा उचाट. दुसरी लेडीज स्लिपर नावाची आमरी (ऑर्किड), चुनखडीच्या खडकावरच्या विरळ झाडीत फुलणारी. दोघांनाही माणसानेच संपवलं. दोघंही आज परत आहेत. पण परत येण्याच्या वाटा इतक्या निराळ्या आहेत की एकाच्या बाबतीतलं शहाणपण दुसऱ्याला लावलं असतं तर दुसरा कायमचा गेला असता. मी गेली काही वर्षं यॉर्कशायरमध्ये राहते, दोन्ही जवळून पाहिले आहेत, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी पक्षी. अंगावर काळे-पांढरे पट्टे, निळसर राखाडी लांब पाय आणि टोकाला वर वळलेली बारीक चोच. उथळ पाण्यातून चालताना तो ही चोच किंचित उघडी ठेवतो आणि मान खाली घालून डावी-उजवीकडे सारखी फिरवत राहतो. गाळाच्या वरच्या पातळ थरात चोचीला जे लागेल ते गिळायचं: बारके झिंगे, किड्यांच्या अळ्या, कृमी. पाणी खोल झालं तर पोहतो, डोकं बुडवून शेपूट वर करतो. म्हणजे त्याच्या मागण्या दोनच. पाणी उथळ हवं, गाळ मऊ हवा. वीण घालायला आसपास उघडी, सपाट जमीन मिळाली की झालं.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हा पक्षी पूर्वी घरटी करायचा. लोकांनी दलदली उपसून शेतं केली, अंडी खायला नेली, पिसं मासेमारीच्या गळांना बांधली, बंदुकीने टिपले ते वेगळेच. १८४० च्या दशकात तिथली वीण संपली आणि पुढची शंभर वर्षं बंदच राहिली.

मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरू नये म्हणून सफोकमधल्या मिन्समियरची कुरणं मुद्दाम पाण्याखाली घातली. जवळच्याच हॅव्हरगेट बेटावर पाणी अडवणारं दार तोफगोळ्याने फुटलं आणि खाडीचं पाणी आत शिरलं. युद्ध संपेपर्यंत दोन्हीकडे उथळ खारं पाणी, चिखल आणि मधेमधे उघडे उंचवटे तयार झाले होते. १९४७ साली दोन्ही ठिकाणी ॲव्होसेटनी घरटी केली. कोणी पिल्लं आणून सोडली नव्हती, अंडी उबवली नव्हती. पक्षी उत्तर समुद्र ओलांडून आले, जागा पाहिली आणि बसले. आज ब्रिटनमध्ये दीड हजाराहून जास्त जोड्या वीण घालतात. पक्षीसंरक्षणाचं काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेचं बोधचिन्ह हाच पक्षी आहे.

आता फूल. उभा दांडा, त्यावर शिरा उठून दिसणारी तीन-चार रुंद पानं, शेंड्याला एक किंवा दोन फुलं. बाजूच्या पाकळ्या काळपट तांबड्या आणि पिळदार, मधोमध लिंबासारख्या पिवळ्या रंगाची फुगीर थैली. १६२९ साली जॉन पार्किन्सनने इंगलबरो डोंगराजवळच्या हेल्क्स वूडमध्ये ही आमरी वाढते अशी नोंद करून ठेवली आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ती माहितीची होती. पुढे बागेत लावायला म्हणून लोकांनी मुळासकट उपटली, बाजारात विकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती देशातून गेली असंच धरून चालले होते. १९३० मध्ये यॉर्कशायर डेल्समध्ये एक झाड सापडलं. एकच. त्या झाडाची जागा आजही जाहीर नाही, आणि फुलण्याच्या दिवसांत तिथे राखण असते.

या एका झाडापासून पुढे जायला काय करावं लागलं ते बघा. लंडनच्या क्यू उद्यानाने १९८३ मध्ये आमरींवर खास प्रकल्प सुरू केला. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं. मातीतल्या ठराविक बुरशीने पोसलं तरच ते रुजतं. प्रयोगशाळेत हे बी रुजेना. पूर्ण पिकलेल्या बियांऐवजी बोंड हिरवं असतानाच त्यातलं बी काढलं तेव्हा कुठे यश आलं. परागण हातानेच. रोपं काचेच्या बाटलीतून कुंडीत, कुंडीतून रानात. १९८९ मध्ये लावलेल्या रोपाला पहिलं फूल आलं २००० साली.

माझं म्हणणं हे आहे. ज्या जीवाला पाय-पंख आहेत आणि ज्याचे भाऊबंद कुठेतरी शिल्लक आहेत, त्याच्यासाठी जागा नीट करा आणि बाजूला व्हा. ज्याचं एकच मूळ उरलंय, त्याच्या बाबतीत नुसती जागा राखून भागत नाही. तिथे माणसाला हात घालावा लागतो, आणि तोंड बंद ठेवावं लागतं. आपल्याकडे सगळ्यांना एकच औषध देतात: फलक लावा, कुंपण घाला, महोत्सव भरवा. याबद्दल तुम्हा सगळ्यांची मतं ऐकायची आहेत.

---

रानवारा

फार छान लिहिलंय, नीरगुडीताई. थैलीबद्दल अजून सांगा ना. ती नुसती शोभेची नसणार.

---

नीरगुडी

धन्यवाद! शोभेची मुळीच नाही, तो सापळा आहे. लहान रानमाश्या, म्हणजे एकएकट्या राहणाऱ्या छोट्या मधमाश्या, वासाने आणि रंगाने खेचल्या जाऊन थैलीच्या तोंडावर उतरतात आणि आत घसरतात. आत मध नाही. आल्या वाटेने परत चढायला जावं तर भिंत गुळगुळीत. मागच्या बाजूला मात्र केसांची एक ओळ असते, तिला धरून माशी वर चढते. तिथे भिंतीचा भाग पातळ असल्याने उजेड आत येतो, माशी उजेडाकडे जाते. बाहेर पडायच्या अरुंद भोकापाशी आधी कुक्षी, म्हणजे पराग घेणारा भाग लागतो, मग परागकोश. म्हणजे आधीच्या फुलातून आणलेला पराग असला तर तो कुक्षीवर पुसला जातो आणि जाताना नवा पराग पाठीला चिकटतो. क्रम उलटा असता तर फुलाचा स्वतःचाच पराग स्वतःला लागला असता.

आता विचार करा, आसपास मैलोन्‌मैल दुसरं झाडच नसेल तर ही सगळी रचना कुणासाठी? माशी एकदा फसली की पुढच्या फुलात जायला पुढचं फूल हवं ना. म्हणून हाताने परागण करावं लागलं. जुन्या काळी बागांमध्ये नेऊन लावलेली मूळ ब्रिटिश वाणाची काही झाडं टिकली होती, त्यांचाही पुढे संकरासाठी उपयोग झाला.

---

चिकित्सक

लेख आवडला, निष्कर्ष पूर्ण पटला नाही. तीन शंका.

पहिली: आमरीचं बी धुळीसारखं आहे असं तुम्हीच म्हणता. धूळ वाऱ्यावर कुठेही जाते. युरोपात ही आमरी अजून बऱ्याच देशांत आहे. मग पक्ष्याला जमलं ते बियांना का नाही जमलं?

दुसरी: हॅव्हरगेटच्या ॲव्होसेटची जागासुद्धा सुरुवातीला गुप्तच होती. अंडी गोळा करणाऱ्यांच्या भीतीने त्या बेटाला ‘झेब्रा आयलंड’ असं सांकेतिक नाव दिलं होतं. म्हणजे पक्ष्यासाठी जाहीर आणि फुलासाठी गुप्त, अशी विभागणी इतिहासात तरी दिसत नाही.

तिसरी, पैशाची. एका झाडावर चाळीस वर्षं प्रयोगशाळा, राखणदार, तज्ज्ञ. तेवढ्या पैशात किती पाणथळी वाचल्या असत्या? जी आमरी युरोपात इतरत्र आहे ती ब्रिटनमध्ये असलीच पाहिजे हा हट्ट कशासाठी?

---

कडेकपारी

पहिल्या शंकेचं उत्तर मी देतो, वनस्पतींवरच काम करतो.

बी उडतं हे खरं, पण उडणं म्हणजे पोहोचणं नव्हे. बरंचसं बी आईच्या झाडापासून काही मीटरातच पडतं. जे लांब जातं त्याला चुन्याची जमीन हवी, अर्धवट ऊन हवं, फार दाट सावली नको, फार उघडं नको. शिवाय नेमकी ती बुरशी त्याच चिमूटभर मातीत हवी. हे सगळं जुळलं तरी जमिनीखाली काही वर्षं काढल्याशिवाय पान वर येत नाही, आणि फूल यायला आणखी कितीतरी वर्षं. एवढ्या काळात गोगलगाय, मेंढी, जंगल तोडणारा माणूस, यातलं कोणीही एकदा आलं की संपलं. ॲव्होसेटला दुरून चकाकणारं उथळ पाणी दिसतं, आवडलं तर उतरतो, नाही आवडलं तर पुढे जातो. बी एकदा पडलं की पडलं. त्याला निवड नाही.

पण नीरगुडीताई, तुमच्या मांडणीत एक बाजू राहिली. सहनशक्ती कुणाची जास्त? ते १९३० चं एकटं झाड बघा. जमिनीखालचं खोड जिवंत आहे तोवर ते तग धरून राहिलं, फुलं आली नाहीत तरी. त्याच्यापासून पुढची पिढी रानात फुलायला सत्तर वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं ते थांबलं. ॲव्होसेट असा थांबू शकतो का? चार अंडी, साधारण तेवीस ते पंचवीस दिवस उबवणं, पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून स्वतः चरतात पण उडायला पाच-सहा आठवडे. त्या अवधीत पाणी आटलं किंवा चढलं तर तो हंगाम गेला. असे हंगाम ओळीने गेले की वसाहत मोडते. म्हणजे फूल नाजूक आणि पक्षी चिवट असं सरळ म्हणता येत नाही. फूल एका जागी अडकलंय पण वाट बघू शकतं. पक्षी मोकळा आहे पण त्याला दरवर्षी गाळ तयार लागतो.

---

नीरगुडी

कडेकपारी, हे फार मोलाचं लिहिलंत. पक्षी नुसता येऊन भागत नाही, त्याला दरवर्षी जागा तयार करून द्यावी लागते, हे मिन्समियरला अगदी स्पष्ट दिसतं. तिथे ‘स्क्रेप’ म्हणून जो उथळ तलाव आहे तो आपोआप झालेला नाही. बर्ट ॲक्सेल नावाच्या वनरक्षकाने साठच्या दशकात माती खरवडून, बेटं घडवून, दारांनी पाण्याची पातळी कमी-जास्त करता येईल अशी व्यवस्था केली. गोडं आणि खारं पाणी किती मिसळायचं हेही ठरवता येतं. युद्धाने चुकून जे झालं ते पुढे हिशेबाने करायला शिकले. म्हणजे ‘बाजूला व्हा’ याचा अर्थ पक्ष्याला हात लावू नका, पाण्याला मात्र रोज हात लावा.

चिकित्सक, तुमची दुसरी शंका रास्त आहे. पण बघा, झेब्रा आयलंडची गुप्तता किती टिकली? जोड्या वाढल्या, १९५४ च्या कायद्याने रानपक्ष्यांची अंडी उचलण्यावर बंधन आलं, आणि मग आडोशाच्या झोपड्यांतून लोकांना पक्षी दाखवायला सुरुवात झाली. हजारो लोकांनी पाहिला म्हणूनच हा पक्षी बोधचिन्ह झाला. संख्या कमी असेपर्यंत गुप्त, वाढली की खुलं. आमरीच्या मूळ झाडाला ती सवलत कधी मिळालीच नाही, कारण ते एकाचं दोन झालं नाही. लावलेली रोपं मात्र आता दाखवतात. सिल्व्हरडेलजवळच्या गेट बॅरोज या राखीव क्षेत्रात मेअखेर-जूनच्या सुरुवातीला ती बघता येतात. लोकांची बघायची ओढ तिथे भागते आणि खऱ्या जागेच्या मागे कोणी लागत नाही.

त्याच भागात गोल्फच्या मैदानावर एक जुनं झाड आहे, त्याची जागा सगळ्यांना ठाऊक. त्याचं फूल कुणीतरी कापून नेलं. २०१० मध्ये फुलण्याच्या दिवसांत तिथे पोलिसांची गस्त ठेवावी लागली. एका फुलासाठी!

---

बेलापूरची

मला तिसऱ्या शंकेवर बोलायचं आहे. पैसा एकाचा काढून दुसऱ्याला द्यायचा, असा हिशेब का मांडायचा? आमच्याकडे खाडीकाठी तर उलटच चित्र आहे. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, २०२२ मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. नाव रोहितचं, पण त्या नावाखाली जो चिखल वाचला त्यावर शेकाट्या, तुतवार, उचाट सगळेच चरतात. एका देखण्या पक्ष्यामुळे शंभर जणांचं पोट भरतं. आमरीच्या मागे लागून प्रयोगशाळेत जे शिकले तेही इतर आमरींना उपयोगी पडलंच असेल ना?

आणि भरतीच्या वेळचं सांगते. खाडीत पाणी चढलं की चिखल बुडतो, मग हे पक्षी आजूबाजूच्या उथळ तळ्यांवर, जुन्या मिठागरांवर जाऊन बसतात. ओहोटीला परत. त्यामुळे अभयारण्याची हद्द आखली म्हणजे काम झालं असं नाही. हद्दीबाहेरचं एक तळं बुजवलं की हद्दीतल्या पक्ष्यांची विश्रांतीची जागा जाते. पक्ष्याला जागा द्या म्हणताना एकच जागा देऊन चालत नाही, दोन्ही वेळच्या जागा द्याव्या लागतात. फुलाच्या बाबतीत निदान हा प्रश्न नाही.

---

चिकित्सक

बेलापूरची, पाणथळीच्या बाबतीत मान्य. एक छत्री आणि खाली शंभर जीव. पण आमरीच्या छत्रीखाली कोण आहे? तो मुद्दा माझा अजून शिल्लक आहे.

---

नीरगुडी

तिच्या छत्रीखाली ती विरळ झाडी आहे. अख्खं रान दाट वाढू दिलं तर उजेड संपतो आणि ही आमरी फुलत नाही. म्हणून ॲश-हेझेलची झाडं अधूनमधून छाटून मोकळ्या जागा ठेवतात. त्या उजेडात इतर रानफुलं येतात, फुलपाखरं येतात. गेट बॅरोजला पायाखाली चुनखडीच्या फरश्या आहेत, त्यांच्या भेगांत नेचे वाढतात. ते सगळं आमरीसोबत राखलं जातं.

आणि ब्रिटनमध्ये ती असलीच पाहिजे का? माझं उत्तर स्पष्ट ‘हो’ आहे. हा हट्ट नाही. एखाद्या गावातून एक झाड माणसाने लुटून संपवलं असेल तर ‘शेजारच्या गावात आहे की’ हे उत्तर पुरेसं नाही. ते रोप त्या मातीत, त्या थंडीत, त्या माश्यांबरोबर हजारो वर्षं घडलेलं आहे. ते परक्या बागेतून आणून लावता येत नाही, म्हणून तर मूळ ब्रिटिश वाणच वापरायचा असा आग्रह धरला.

आणि गोड बातमी म्हणजे लावलेल्या झाडांच्या बियांपासून रानात आपोआप उगवलेलं रोप अलीकडे सापडलं आहे. बाटली नाही, कुंडी नाही. हाताने परत आणलेलं फूल आता स्वतः पुढे निघालंय.

---

कडेकपारी

ही बातमी वाचून फार आनंद झाला. बाटलीतलं रोप रानात जगणं ही एक पायरी, पण रानात लावलेल्याचं पोर रानात उगवणं ही खरी.

आपल्याकडचं सांगतो. सह्याद्रीत कंदीलपुष्पं आहेत, सेरोपेजिया. काही जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यातल्या काही एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच. सापळा यांचाही, पण लेडीज स्लिपरपेक्षा निराळा. फूल म्हणजे खाली फुगीर, वर अरुंद नळी, टोकाला पाकळ्या जुळून कंदिलाचा आकार. नळीत आतून खाली वळलेले केस. बारकी माशी वासाने आत उतरते, केसांमुळे परत वर येता येत नाही. रात्रभर फुगीर भागात अडकून राहते, तिथे परागाच्या जुड्या तिला चिकटतात. मग केस सुकतात, नळी कलते आणि माशी सुटते. आंबोलीकडे पावसाळ्याच्या शेवटी फूल उभं चिरून आत जिवंत माशी असलेली मी पाहिली आहे. गळून पडलेलंच फूल होतं, तोडलेलं नाही.

यांचा शत्रू वेगळा. यांना जमिनीखाली कंद असतो आणि तो खाता येतो. गुराखी पोरं, मेंढपाळ, रानडुक्कर, साळिंदर, सगळेच तो उकरतात. गुराख्याला दोष द्यायला मी तयार नाही, त्याने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला आणि तरी कंदीलपुष्प टिकलं. खरी तूट पडली ती उतार फोडून रस्ते आणि फार्महाऊस आल्यावर. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या मंडळींनी या जातींचा शोध, रोपं वाढवणं आणि परत डोंगरात लावणं यावर मोठं काम केलंय. अगदी क्यूच्या वाटेनेच.

आणि एक तिसराही प्रकार आहे. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी, फ्रेरिया इंडिका. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं. रानात फार थोड्या कड्यांवर उरली आहे, पण काडी लावली की कुंडीत मजेत वाढते. हौशी लोकांच्या गच्चीत देशोदेशी आहे. रोप करायला काहीच कष्ट नाहीत, कड्यावरची जागा राखायला सगळे कष्ट. म्हणजे फूल असूनही हिची गत ॲव्होसेटच्या जवळची. म्हणून मला वाटतं, पक्षी की वनस्पती हा भेद महत्त्वाचा नाही. अडचण नेमकी कुठे आहे, जागेत की रोपात, ते आधी शोधावं.

---

नीरगुडी

कडेकपारी, शिंदळ माकुडीचं उदाहरण माझ्या मांडणीला बरोबर छेद देतं आणि ती सुधारून घ्यायलाच हवी. जागेत की रोपात, हाच प्रश्न. मी तो पंख आणि मुळांवर नेऊन ठेवला होता, तो तुम्ही जिथे हवा तिथे आणलात.

---

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. माझं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून. तुम्ही चिखल चिखल म्हणताय, तो आमच्या दारातला आहे, म्हणून चार शब्द.

धरण भरलेलं असतं तेव्हा काठाला खोल पाणी, उचाट फारसा दिसत नाही. कालव्याने, नदीने पाणी सोडायला लागले की फुगवटा मागे हटतो आणि गाळ उघडा पडतो. तिथे हे सगळे लांब पायांचे पक्षी जमतात. पण त्याच गाळावर आमच्या लोकांची गाळपेरही असते. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना पाणी उतरल्यावर त्या गाळात पेरता येतं. नांगरावं लागत नाही, ओल असते, पीक चांगलं येतं. म्हणजे पक्ष्याची जागा आणि विस्थापितांचं पीक एकाच पट्ट्यात. यात कुणी कुणाचा शत्रू नाही. पाण्याच्या अगदी काठाचा नरम पट्टा पक्षी वापरतात, आम्ही थोडं वर घट्ट झालेल्या जागी पेरतो. पाणी हळूहळू उतरलं तर दोघांचंही भागतं. पाणी एकदम सोडलं तर गाळ आठवड्यात तडकतो, मग पक्षी जातात आणि पेरणीही साधत नाही. तिकडे मिन्समियरला दार फिरवून पाणी राखतात असं ताईंनी लिहिलंय. इथे पाणी सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी आणि उसासाठी सुटतं, त्यात पक्षी कुणाच्या हिशेबात नसतो. निदान त्याला हिशेबात एक ओळ मिळावी, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं, होड्यांचं. कुंभारगाव, भिगवणकडे मासेमारी करणारी आमची माणसं हिवाळ्यात पर्यटकांना फिरवतात. चांगला रोजगार आहे. पण काही फोटोवाले थवा उडवायला सांगतात, उडताना फोटो छान येतो म्हणून. पक्षी पोट भरायला आलेला असतो, दिवसातून दहादा उडवला तर खाणार कधी? जुनेजाणते होडीवाले हे करत नाहीत. गिऱ्हाईक जास्त पैसे देतो म्हटल्यावर नव्या पोराला नाही म्हणणं जड जातं. नाही म्हणायचं काम गिऱ्हाइकाने करायला हवं.

---

रानवारा

भीमाकाठ दादा, फोटो काढणाऱ्यांपैकीच मी एक, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. उचाट चरत असताना होडी बंद करून थांबलं तर तो स्वतःच चरत चरत जवळ येतो. चोच फिरवतानाचा, पाण्यावर उठलेल्या रेषांसकटचा फोटो उडत्या थव्याच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त काही सांगतो.

फुलांबद्दल सगळ्यांना एक विनंती. दुर्मिळ फुलाचा फोटो टाकताना गावाचं, गडाचं नाव लिहू नका. मोबाइलच्या फोटोत जागेचे आकडे आपोआप साठतात, ते पाठवण्याआधी काढून टाका किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंदच ठेवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केली तर धोक्यात असलेल्या जातींची जागा ते आपोआप धूसर करून दाखवतात, म्हणजे अभ्यासकाला नोंद मिळते आणि उपटणाऱ्याला पत्ता मिळत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र ‘अमुक पायवाटेने डावीकडे’ असे निरोप फिरतात. काही दिवसांनी तिथे जावं तर गवत तुडवलेलं आणि खड्डा.

---

चिकित्सक

रानवारा, हे पटतं, पण भीतीही वाटते. सगळं लपवलं तर त्या डोंगरावर खाणीला परवानगी मागितली जाईल तेव्हा ‘इथे काहीच नाही’ असं सांगणं सोपं होईल. न दिसणाऱ्या फुलासाठी कोण उभं राहणार?

---

कडेकपारी

म्हणून नोंद हवीच. फक्त ती चार लोकांच्या मोबाइलमध्ये न राहता वनखातं, विद्यापीठ, वनस्पती सर्वेक्षण यांच्याकडे अचूक आकड्यांसकट असावी. लोकांसमोर जात जाहीर, तालुका जाहीर, जागा नाही. यॉर्कशायरच्या त्या झाडाचंही तेच. ते अस्तित्वात आहे हे सगळ्या देशाला माहीत आहे आणि १९८१ च्या तिथल्या कायद्याने त्याला संरक्षणही आहे. पायवाट तेवढी कुणाला सांगत नाहीत.

---

बेलापूरची

नीरगुडीताई, भीमाकाठ दादा, आम्हा दोघी-तिघींना दोन्ही बघायचं आहे. मे महिन्यात मुलीकडे मँचेस्टरला जाणार आहे. गेट बॅरोजला वयस्कर माणसांना चालता येईल का? आणि उचाटासाठी भिगवणला कधी यावं?

---

नीरगुडी

नक्की या! मँचेस्टरहून सिल्व्हरडेलपर्यंत गाडीने किंवा ट्रेनने जाता येतं. आमरी बघायला मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा धरा, थंडी लांबली तर फूलही थोडं लांबतं. चुनखडीच्या फरशीवर भेगा असतात, घोट्यापर्यंतचे बूट घाला आणि पाऊस पडत असेल तर फरशीवर जाऊ नका, घसरते. पायवाट सोडून जवळ जाऊ नका, आजूबाजूला न फुललेली बारकी रोपं असू शकतात, ती पायाखाली येतात. दुर्बीण बरोबर ठेवा, फुलासाठीही उपयोगी पडते. थैलीच्या काठावरचे तांबडे ठिपके दुरूनच दिसतील.

---

भीमाकाठ

मावशी, डिसेंबर ते फेब्रुवारी या. पाणी किती उतरलंय त्यावर उचाट कुठल्या काठाला असेल ते ठरतं, म्हणून निघण्याआधी इथे विचारा, मी गावातून बघून सांगतो. पहाटे सहाला होडीत बसायची तयारी ठेवा, नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. होडीत बसतानाच सांगायचं, ‘दादा, थव्याच्या जवळ नको, लांबून दाखवा.’ जेवण आमच्याकडे. चिलापी खात असाल तर ताजी मिळेल, नाहीतर पिठलं-भाकरी.